वरून पडायला काहीच नव्हतं

सात महिने मी माझ्या पोरीला जमिनीवर ठेवलीच नव्हती.

जिनं ठेवायला लावली, ती बाई काल पुण्यात वारली.

अनघाताई.

सकाळी मेसेज आला तेव्हा तनूच्या वेण्या घालत होते. दुसरी वेणी पुरी केली. मग खाली बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. मोठा भूकंप झाला तेव्हा आम्ही जपानात, इचिकावाला होतो. तनू आठ महिन्यांची. कपाट तिच्या गादीवर पडलं.

ती तेव्हा माझ्या मांडीवर होती. एवढंच.

त्यानंतर पोर कायम झोळीत, माझ्या पोटाशी. तशीच भांडी घासायचे, तशीच जेवायचे. झोपताना पायात बूट. उशाशी बॅग.

हे हॉटेलात आचारी. मालकानं ह्यांना क्योतोच्या हॉटेलात पाठवलं, तरी तसंच.

ताई तिथं युनिव्हर्सिटीत मातीवर रिसर्च करायच्या. हॉटेलात जेवायला यायच्या. एकदा तनूला बघून म्हणाल्या, "पंधरा महिन्यांची ना? उभी राहते का गं?"

मी झोळीची गाठ आवळली.

"रविवारी गाडी काढते. तोत्तोरीला वाळूचे डोंगर आहेत, पुढं दाइसेन पर्वत. टेंट आहे माझ्याकडं."

हे म्हणाले, "मला सुट्टी नाही. तू जा." एवढं बोलले म्हणजे लई झालं.

ऑक्टोबर होता. बोगदा आला की मी डोळे मिटायचे आणि ताई मोठ्यानं गाणं म्हणायच्या. बेसूर.

मग एकदम झाडं संपली.

नुसती वाळू. पिवळी, थंड, कुणी हात फिरवल्यासारखी. लांब चढावर माणसं मुंग्यांएवढी. आवाज कसलाच नाही. मला वाटलं, मी झोपेतच आहे.

पाय टाकला तर पाय सरकला.

"ताई, हलतंय."

"वाळू आहे ती, हलणारच. रोज हलते."

वर चढलो तर पलीकडं समुद्र. मला टीव्हीवरची त्सुनामी आठवली. "ताई, चला खाली."

"किती उंचावर आहोत बघ की. बस आधी. बॅगेत काय आहे?"

बॅग मी तिथंपण नेली होती. टॉर्च, पाणी, तनूचे कपडे, लाडू.

"लाडू?"

"भूकंपासाठी ठेवलेत."

ताई हसून हसून वाळूत आडव्या झाल्या. "भूकंप काय पाहुणा आहे का गं तुझा? आण इकडं."

खवट झाले होते. तरी ताईंनी एक खाल्ला, दुसरा हातात घेतला.

मग म्हणाल्या, "शैला, वर बघ. कपाट आहे? छत आहे? पडायला काही आहे का इथं?"

नव्हतं.

नुसतं आभाळ.

"मग ठेव तिला."

झोळीची गाठ सुटता सुटेना. ताईंनी मदत नाही केली. बघत बसल्या.

तनू वाळूत बसली. मूठभर तोंडात घातली, थुंकली. मग ताईंच्या हातातला लाडू दिसला.

रांगत गेली. ताईंचा गुडघा धरला.

आणि उभी राहिली.

मी रडत होते, तर ताई म्हणतात, "रडू नकोस, एवढे काही वाईट नाहीत लाडू."

संध्याकाळी दाइसेनच्या पायथ्याला टेंट लावला. डोंगर लाल-पिवळा, टोक ढगात. ताई म्हणाल्या, "कापडाचं घर. पडलं तर कापडच पडेल."

मी बूट काढले. बाहेर उजेड होता तेव्हाच झोपले. तनूपण.

ताई नंतर पुण्याला परत गेल्या. आजारी होत्या, फोनवर कधी बोलल्या नाहीत तसं. मागच्या महिन्यात विचारलं, "पहिलीत गेली ना? शाळेत एकटी जाते का?"

"जाते ताई. मी मागून मागून जाते."

"मग एकटी कशी?"

गॅसवर दूध आहे म्हणून मी फोन ठेवला. दूध नव्हतं.

आज तनूनं पिवळी टोपी घातली, दप्तर घेतलं. कोपऱ्यावर बाकीची पोरं थांबलेली. मी दारातच उभी राहिले.

तिनं वळून बघितलं. "मामा, कोनाइ नो?" आई, येत नाहीस का, म्हणून.

"तू जा."

वर बघितलं. तारा होत्या, खांब होते, लोकांच्या गॅलऱ्या होत्या. पडायला पुष्कळ काही होतं.

तरी गेली ती. मी आत आले.

ताई, ताजे लाडू केलेत. बॅगेत नाही ठेवले, तनू आली की खाऊ.

तुम्ही सावकाश जा. माझा नमस्कार.