डिंककाकांचं तिरळं घुबड

गाद्या-पंखे असलेल्या पर्यटन-तंबूंत सुट्टीला सहकुटुंब राहायला येणाऱ्यांच्या मुलांना डिंककाका कागदी घुबडं करायला शिकवत. स्वतःच्या घुबडाचा एक डोळा ते मुद्दाम वाकडा चिकटवत, म्हणजे पोरांना हुरूप येई. पोरांची घुबडं गाडीत बसून घरी जात. काकांची त्यांच्या एकट्याच्या खोलीत मुक्कामाला येत. एखादं तरी कुणाच्या घरी नांदावं, एवढीच त्यांची हौस.

निघताना एक चिमुरडी म्हणाली, "काका, तुमचं मी नेऊ?"

काकांना आभाळ ठेंगणं झालं.

"अगं, ते तिरळं ध्यान कशाला?" गाडीतून आई ओरडली. "आपलं छान घे!"

"खरंय ताई," काका हसले, "याला प्रवास सोसतही नाही."

खोलीत त्यांनी ते बाकीच्यांशेजारी टांगलं आणि पहिल्यांदाच त्याचा डोळा सोडवून सरळ चिकटवला.