ऑर्गनच्या पाठीत खिळे

"तुमचे पाय थकले भाऊ." आमच्या झाडीपट्टीतल्या नाटक कंपनीचा मॅनेजर चारचौघांत मला असं म्हणाला. वय त्याचं माझ्या निम्मं. ऑर्गनचा आवाज बसला, नांदीचा षड्ज दोन मात्रांत ढेपाळतो, म्हणून दोष माझ्या पायांचा! पुढच्या प्रयोगापासून कीबोर्डवाला आणतो म्हणे. अरे, आयुष्य गेलं माझं ऑर्गनच्या खुर्चीवर. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

हा ऑर्गन मोठ्या चर्चमधला नळ्यांचा नव्हे. आमचा पायांनी चालतो. पॅडल मारलं की खालचा भाता आतली हवा बाहेर फेकतो. मग पट्टी दाबली की बाहेरची हवा पितळेच्या पातीवरून आत घुसते, पाती थरथरते आणि सूर निघतो. म्हणजे हवा फुंकायची नसते, ओढायची असते. भात्याला कुठं भोक पडलं, की हवा पातीकडून यायचं सोडून तिथूनच येते. मग पहिलवान आणून बसवा, सूर रडणारच. हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी, मूल गावच्या मुक्कामी, मी ऑर्गन फिरवला. मागं पत्र्याचा बोर्ड होता, राइस मिलच्या जाहिरातीचा. ऑर्गनची पाठ लोकांकडे असते, ती रिकामी कशाला ठेवायची, म्हणून याच मॅनेजरनं आठवड्यापूर्वी तो ठोकून घेतला होता. बोर्ड काढला तर काय, चार खिळे फळी फोडून थेट भात्यात! ज्याच्या जिवावर सगळ्यांचं पोट, त्याच्याच पोटात खिळे! आणि वर थकले कोण, तर मी.

भोकांवर पातळ चामड्याचे तुकडे चिकटवले, दुपारपर्यंत वाळू दिले. मग मॅनेजरलाच खुर्चीवर बसवलं, पॅडल मारायला लावलं आणि पट्टी मी दाबली. षड्ज असा भरून निघाला की स्वयंपाक करणाऱ्या बाया चूल सोडून बघायला आल्या. मॅनेजर ऐकून घेऊन म्हणाला, बरं झालं, आता बोर्ड बारक्या खिळ्यांनी ठोकू.

"बोर्ड लावाचाच असन तर माह्या पाठीले ठोक," मी म्हणालो. "याले हात लावाचा नाई."

बोर्ड शेवटी तिकीट खिडकीवर गेला. कीबोर्डवाल्याचं नावही पुन्हा निघालं नाही. पण माझ्या पायांबद्दल चारचौघांत जे बोलला, ते चुकलं असं चारचौघांत एकदा तरी म्हणावं की नाही? हंगाम संपत आला. मी अजून वाट पाहून राह्यलो.