प्लेट बसवणाऱ्या आई

फोन आला तेव्हा मी सदर भागातल्या ऑफिसात होते. नवऱ्याचा आवाज इतका शांत होता की तो पुढचं बोलण्याआधीच मी खुर्चीतून उठले. "आई गेली वं…" जेवून जरा आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. आज दीड महिना झाला.

सासूबाईंशी माझं नातं काही गोडीनं सुरू झालं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी माझी श्रावणी झाली, ओठ आणि टाळू दुभंगलेले घेऊन. वॉर्डात तिच्याकडे बघून त्यांनी पहिला प्रश्न मलाच केला, "ग्रहणात विळी हातात घेतली होती काय वं तुनं?" मी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे कित्येक दिवस मी मनात ते ग्रहण शोधत राहिले…

धंतोलीतल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, यात आईचा काही दोष नसतो. ऑपरेशन काही महिन्यांनी होईल. तोवर टाळूला छोटी प्लेट बसवायची आणि गालांवरच्या पट्ट्यांनी ती धरून ठेवायची, म्हणजे दुभंगलेल्या हिरड्या जवळ येतील, ओठ नीट शिवता येईल. प्लेट बंद केली, तर जवळ आलेलं पुन्हा लांब जाईल. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या.

मला त्या प्लेटची धास्तीच बसली होती. सुटली तर, घशाकडे गेली तर… झोपलेल्या बाळाच्या नाकाशी मी बोट धरून बसायचे. आणि एका सकाळी दूध पाजताना पट्टी निघाली, प्लेट मागे सरकली. श्रावणीचा आवाजच बंद झाला. मी नुसती ओरडत होते. सासूबाईंनी तिला माझ्या मांडीवरून उचललं, कुशीवर वळवलं आणि बोट घालून प्लेट ओढून काढली. ती रडली तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

तसंच धंतोली गाठलं. मॅडमनी तिला तपासलं, प्लेट दुरुस्त केली आणि माझ्यापुढे धरली. माझा हात पुढे होईना. "नको, मला नाही जमणार. राहू द्या ओठ तसाच."

"मले शिकवा," सासूबाई म्हणाल्या. दोनदा त्यांची पट्टी वाकडी लागली. तिसऱ्यांदा प्लेट बसली. बाहेर आल्यावर खाली बघत म्हणाल्या, "ग्रहणाचं मी उगाच बोलली वं. मीच भेली होती."

तेव्हापासून ऑपरेशनच्या दिवसापर्यंत प्लेट त्यांनीच सांभाळली. ओठ छान जुळला. टाळूचं ऑपरेशन पुढे झालं. मग मॅडम घाबरलेल्या आयांना नंदनवनमधल्या आमच्या घरी पाठवू लागल्या. खिडकीजवळ बसून आई त्यांना धीर द्यायच्या, पट्ट्या लावून दाखवायच्या.

गेल्या आठवड्यात उमरेडहून एक मुलगी आली, छातीशी महिन्याभराचं बाळ. "आजी आहेत?" मी त्या गेल्याचं सांगितलं. ती तशीच वळली. "थांब," मी म्हणाले आणि हात धुवून आले. बाळ रडायला लागलं, पट्टी माझ्याच बोटांना चिकटली. श्रावणी पुस्तक ठेवून जवळ आली.

"आई, आजी आधी गाल कोरडा करायची."

मी मऊ कापड घेतलं आणि बाळाचा गाल हळूच टिपला.