मामांनी जिंकलेलं गाव

फ्रान्सला सात वेळा जाऊन पॅरिसमध्ये एकदाही पाऊल न टाकलेला माणूस साऱ्या सिंगापुरात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. विमान पॅरिसलाच उतरतं याबद्दल मामांची कायमची तक्रार आहे, पण त्याला त्यांचा इलाज नाही. विमानतळावर भाड्याची गाडी घ्यायची, शहराकडे पाठ करायची आणि जे सुटायचं ते थेट अशा गावात थांबायचं, ज्याचं नाव नकाशावर वाचायला भिंग लागतं. तीन वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा माझी बारा वर्षांची मुलगी हिरमुसून तिच्या सिंगापुरी इंग्रजीवर आली. "मामाआजोबा, इतके लांब आलो, जस्ट वन टॉवर ओन्ली लाह!" मामा शांतपणे म्हणाले, "बाळा, त्या टॉवरला बघायला माणसं खूप आहेत. पुढच्या गावात एक पाणचक्की आहे, तिला बिचारीला कोणी नाही." आणि खरोखरच आम्ही त्या चक्कीला भेटायला गेलो, आजारी नातेवाइकाला भेटायला जावं तसे.

मामा हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत तीस वर्षं जहाजांची वेळापत्रकं सांभाळून निवृत्त झाले. राहतात यिशुनला, नवव्या मजल्यावर. प्रवासाच्या दोन महिने आधी त्या फ्लॅटमधली जमीन दिसेनाशी होते, कारण मोबाइलवरच्या नकाशावर मामांचा विश्वास नाही. कागदी नकाशे ते हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत अंथरतात आणि कोपऱ्यांवर डाळींचे डबे ठेवतात. मामींना रोज सकाळी फ्रान्सचा बर्गंडी प्रांत ओलांडून गॅसपाशी जावं लागतं. एकदा त्यांच्या हातून वाटीभर आमटी एका नदीच्या काठी सांडली. मामांनी कुरकुर न करता तो डाग पुसला, आणि त्या वर्षी आम्हाला सांगून टाकलं, "आमटीच्या डाव्या हाताला जे गाव आहे, तिथे बाराव्या शतकातलं चर्च आहे. तिथे मुक्काम."

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ते घराजवळच्या कम्युनिटी क्लबात फ्रेंच शिकायला बसले. बाईंनी वर्गाला पहिल्याच दिवशी सांगितलं, की फ्रान्समध्ये दुकानात शिरल्यावर आधी 'बोंजूर' म्हणायचं, मग काय हवं ते मागायचं. मामांना हा नियम इतका पटला की त्यांनी तो सिंगापुरातही लागू केला. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे आमच्या खाऊगल्लीतल्या, कॉफीवाल्या अंकलसमोर उभे राहून ते आधी नमस्कार करतात, तब्येत विचारतात आणि मग कॉफी सांगतात. मागे रांग वाढत जाते. "अंकल, ऑर्डर फर्स्ट लाह," तो कॉफीवाला हात जोडून म्हणतो. फ्रान्समध्ये मात्र ही भाषा त्यांनी अगदी साताऱ्याच्या हेलात चालवली आणि ती चालली. ते गाईंनासुद्धा बोंजूर म्हणत. माझी बायको म्हणाली, "मामा, त्या उत्तर देत नाहीत." मामा म्हणाले, "पॅरिसवाले तरी कुठे देतात म्हणे!"

गाव बघायची त्यांची स्वतःची पद्धत आहे. आधी पाणी. ओढा, झरा, बायका पूर्वी जिथे कपडे धुवायच्या तो दगडी धुणवठा. तिथल्या झिजलेल्या दगडावर ते पाचदहा मिनिटं नुसते बसतात. मग दफनभूमीत जाऊन आडनावं वाचतात आणि बाहेर येऊन जाहीर करतात, "ह्या गावात चारच घराणी. आणि दोघांचं आपसांत पटत नव्हतं. थडगी बघा, दोन टोकांना." ह्या सगळ्यानंतर चर्च, किल्ला वगैरे. ह्या पद्धतीमुळे आम्ही सहा दिवसांत फक्त पाच गावं पाहिली, पण त्या पाच गावांतल्या लोकांची भांडणं मला माझ्या सोसायटीतल्या भांडणांपेक्षा जास्त ठाऊक झाली.

सहाव्या दिवशी, शनिवारी, आम्ही दक्षिणेकडच्या, अक्रोडाच्या बागांमधल्या एका टेकडीवरच्या गावात पोचलो. शंभरएक वस्ती. मधाच्या रंगाची दगडी घरं, आणि गावाच्या टोकाला एक गोल बुरूज. हा पारव्यांचा बुरूज. जुन्या काळी जहागीरदार त्यात पारवे पाळायचे. आत भिंतीभर शेकडो कोनाडे आणि मधोमध एक फिरती शिडी. शिडीवर चढून बसायचं आणि स्वतःभोवती सगळा बुरूज फिरायचा. मामा ह्या शिडीविषयी गेलं वर्षभर बोलत होते. दाराला मात्र कुलूप. ग्रामपंचायतीचं ऑफिस मंगळवारी उघडणार होतं आणि आमचं विमान सोमवारी होतं. कोपऱ्यावरच्या बाईंनी सांगितलं, की किल्ली एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे आहे, आणि ते चौकात पेतांक खेळतायत.

पेतांक म्हणजे मोठ्यांच्या गोट्या. एक छोटी लाकडी गोटी लांब टाकायची आणि आपले लोखंडी गोळे तिच्या जास्तीत जास्त जवळ पोचवायचे. ते गृहस्थ गावच्या पेतांक मंडळाचे अध्यक्ष होते. ऐंशीच्या आसपासचे, टोपी घातलेले, मिश्या पांढऱ्या. मामांनी बोंजूर म्हटलं, तब्येत विचारली आणि किल्ली मागितली. "बंद आहे," अध्यक्ष म्हणाले. शिडी जुनी आहे, पाहुण्यांसाठी नाही. मामांनी आर्जवं केली. उत्तर तेच. आम्ही निघायला लागलो तर मामा तिथेच उभे. अर्धा तास खेळ बघत राहिले, आणि अध्यक्षांचा एक गोळा चुकल्यावर त्यांच्या तोंडून "च्च" असं निघालं.

हे "च्च" सगळ्या भाषांत सारखंच असतं. अध्यक्षांनी वळून एक गोळा मामांच्या हातात ठेवला. "तुम्ही दाखवा. जिंकलात तर किल्ली तुमची."

तेरा गुणांचा डाव ठरला. मामांचा पहिला गोळा कॅफेच्या खुर्चीखाली गेला. दुसऱ्याने एका कुत्र्याची झोपमोड केली. चौकात पाचपंचवीस माणसं जमली आणि हसायला लागली. माझ्या मुलीने तोंड झाकून घेतलं. पाच-शून्य झाल्यावर मामांनी बूट काढले, मोजे काढले, ते घडी करून बुटांत ठेवले आणि त्या बारीक खडीत अनवाणी उकिडवे बसले. डावा डोळा मिटला. मी त्यांना वीस वर्षं ओळखतो, पण असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. पुढचा गोळा असा गेला की अध्यक्षांचा गोळा टणकन उडून गटारात पडला आणि मामांचा त्याच्या जागी बसला. कोणीतरी टाळी वाजवली. पाच-तीन. सात-सात. अकरा-दहा. अध्यक्षांनीही टोपी काढून ठेवली.

बारा-बारा झालं. अध्यक्षांचा गोळा लाकडी गोटीला जवळजवळ चिकटून बसलेला, आणि मामांच्या हातात एकच गोळा उरलेला. ते कितीतरी वेळ नेम धरत राहिले. इतका वेळ बाकावर बसून अक्रोड खाणाऱ्या मामी तेव्हा म्हणाल्या, "अहो, सरळ टाकू नका. जमीन डावीकडे उतरलीय. मघापासून सगळे गोळे तिकडंच घसरतायत. उजव्या अंगाने सोडा."

"नक्की?"

"तीस वर्षं तुमच्या नकाशांवरून चालतेय. चढउतार मला कळतात."

मामांनी उजवीकडे सोडला. गोळा भलतीकडेच निघाला, लोक हळहळले, मग तो हळूच वळला, घरंगळत आला आणि गोटीला टेकून थांबला. अध्यक्षांनी खिशातून टेप काढून मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा वाकायला लागले तेव्हा त्यांच्या बायकोने त्यांच्या हातातून टेप घेतली, स्वतः मोजलं आणि मामींकडे बोट दाखवून घोषणा केली, "मादाम जिंकली!" चौकात एकच गलका झाला. मामी लाजून पदर सावरायला गेल्या आणि आज आपण पँट घातलीय हे त्यांच्या लक्षात आलं. माझी मुलगी ओरडत होती, "आजी सो पावरफुल लाह!"

किल्ली हातभर लांब होती. सगळा गाव वरातीसारखा बुरुजापर्यंत आला. एकोणसत्तर वर्षांचे मामा त्या शिडीवर चढले, अध्यक्षांनी स्वतः शिडी ढकलली, आणि मामा त्या शेकडो कोनाड्यांसमोरून फिरू लागले. आधी त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. खाली उतरले तेव्हा डोळे पुसत होते. त्यांनी अध्यक्षांना विचारलं, "तुमचं घराणं इथे कधीपासून?"

"नेहमीपासूनच," अध्यक्ष म्हणाले. "तुमचं गाव?"

मामांनी मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं, ते तोवर आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. ते सात वर्षांचे असताना त्यांचं गाव धरणात गेलं. देऊळ, शाळा, गोट्या खेळायचं पटांगण, सगळं. ट्रकमध्ये बसून ते निघाले आणि नंतर उरलं ते नुसतं पाणी. अध्यक्षांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी हाताने गळ्यापर्यंत पाणी दाखवलं. मामांनी मान हलवली आणि हात डोक्याच्याही वर नेला.

म्हातारे अध्यक्ष पुढे झाले. मामांना दंडाला धरून परत चौकात घेऊन गेले. कॅफेच्या भिंतीवर मंडळाच्या सभासदांची पाटी होती. त्यांनी खडू मागवला, सर्वांत खाली मामांचं नाव लिहायला घेतलं, स्पेलिंग दोनदा चुकवलं, मामांनी ते दुरुस्त केलं. मग अध्यक्ष म्हणाले, "आता तुम्हाला गाव आहे. दरवर्षी यायचं. आमच्याकडे पाणी फक्त नळाला येतं."

मामा त्यानंतर दोनदा गेले आणि शेजारच्या गावाविरुद्धचा सामनाही त्यांनी जिंकून दिला. यंदा मामींचे गुडघे विमानात बसू देत नाहीत, आणि मामींशिवाय जायचं नाव मामा काढत नाहीत. जूनमध्ये आम्ही तिघंच जाणार आहोत. परवा निरोप घ्यायला यिशुनला गेलो तर हॉलमधली फरशी स्वच्छ दिसत होती. मला वाटलं, आता सूचनांची यादी मिळणार. पण मामा खिडकीतून समोरच्या ब्लॉककडे बघत होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "संध्याकाळी ऊन गेल्यावर तिथल्या भिंती बराच वेळ गरम असतात. हात लावून बघा. माझ्या वतीने."

मी बरं म्हटलं. आतून मामींनी हाक मारली, आणि शेकायची पिशवी घेऊन मामा उठले.