पानं मोजणाऱ्या वन्सं

या, अशा पंख्याखाली जवळ येऊन बसा. आणि आधी थोडं रागवून घेऊ द्या मला. नाक्यावरच्या दुकानात बाटलीतल्या हिरव्या पाकाचा मिल्कशेक पिऊन येता आणि वर मलाच सांगता, "काकू, पुदिना लई भारी होता." पुदिना कुठला त्यात, रंग होता नुसता. पण तुम्हाला तरी काय बोलायचं, तुम्ही आमच्या वन्संच्या हातचा कुठं प्यायलाय? अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत अख्खा जिल्हा पालथा घाला, सणाच्या दिवशी दूध हिरवं करायची छाती असलेली बाई एकच सापडेल, आणि ती माझी नणंद.

वन्सं एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. सगळी नोकरी बाटल्या धुण्यात आणि पोरांनी फोडलेल्या काचा वेचण्यात गेली. निवृत्त होताना शाळेनं विचारलं, शालीबरोबर आणखी काय देऊ, तर ह्या बाईनं कडेला टवका उडालेलं एक काचेचं मोजपात्र मागून घेतलं. शालीची घडीही मोडली नाही, ती पुढं मीच वापरली. पण त्या दिवसापासून मोजपात्राला विचारल्याशिवाय त्यांच्या घरात पाण्याचा थेंब हलला नाही. चहाचं पाणी मोजून, आमटीचं मोजून, तुळशीचंसुद्धा मोजून. फोडणीची मोहरी त्या दाणादाणा मोजतात असं मी गल्लीत सांगत असे. ते खोटं होतं, पण कुणालाच खोटं वाटलं नाही, यातच काय ते आलं. एकदा नवी पेठेत सहा ग्लास घ्यायला मला बरोबर नेलं. पिशवीतनं मोजपात्र काढलं, दुकानदाराकडूनच पाणी मागून घेतलं आणि एकेक ग्लास भरून बघायला लागल्या. मागं गिऱ्हाइकं खोळंबली, मी पदरात तोंड लपवून उभी. दुकानदार म्हणाला, "मावशी, ग्लास घेताय का पाण्याची परीक्षा घेताय?" वन्सं शांतपणे म्हणाल्या, "सहातले पाच बरोबर हायत. एकात कमी बसतं. तो ज्याच्या वाट्याला येईल त्यानं काय पाप केलंय?" त्यानं मुकाट्यानं दुसरा दिला.

आणि चूक? चूक ह्या बाईला पायातल्या काट्यासारखी सलायची. सुनेच्या बाळंतपणाला त्या मोडनिंबला मुलाकडं गेल्या होत्या. मी फोनवर पापडखाराचं माप विचारलं, त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बघते तर वन्सं, पहिल्या एसटीनं आलेल्या. मला वाटलं काय वाईटवंगाळ झालं. तर म्हणाल्या, "वहिनी, काल अर्धा चमचा जास्त सांगितला मी. पीठ भिजवलं का?" अहो, फोन करायचा की. "फोनवरच तर चुकले," म्हणाल्या, पाणी प्यायल्या आणि उलट पावली गेल्या.

आता हिरव्या दुधाचं सांगते. बुद्धपौर्णिमेला विहारातली वंदना झाली की गल्लीला खीर वाटायची, ही आमच्या सासूबाईंच्या काळापासूनची रीत. पण पौर्णिमा येते वैशाखात. आणि सोलापूरचा वैशाख तुम्हाला ठाऊक आहे, सावलीसुद्धा सावली शोधत फिरते. एका वर्षी वन्संनी खिरीच्या पातेल्याकडं बघितलं, घाम पुसला आणि म्हणाल्या, "ह्या उन्हात गरम खीर देणं म्हंजे लोकांची परीक्षा घेणं हाय." पुढच्या पौर्णिमेला पांढरी साडी नेसून सकाळी सहालाच हजर, एका हातात मोजपात्र, दुसऱ्या हातात पुदिन्याच्या जुड्या. मी म्हटलं, "वन्सं, सुजातेनं बुद्धांना खीर दिली होती, मिल्कशेक नव्हे." तर म्हणतात कशा, "तवा फ्रीज नव्हता."

करायची पद्धतही लिहून ठेवते. एका ग्लासाला पुदिन्याची वीस पानं, देठ एकही नको. ती उकळत्या पाण्यात दहा आकडे मोजेपर्यंत बुडवायची आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची, म्हणजे हिरवी ती हिरवीच राहतात. मग दोन चमचे साखर आणि बर्फाचे खडे घालून मिक्सरला लावायची. बर्फ नसला तर मिक्सर तापतो आणि पुदिना कडवटतो. त्यावर मोजपात्रानं थंड दूध, शेवटी एक चमचा व्हॅनिला आइस्क्रीम. पहिल्या वर्षी लोक बिचकले. शेजारच्या भाभी ग्लास उजेडात धरून म्हणाल्या, "हरा दूध पहिली बार देखी मैं." आणि तीन ग्लास प्यायल्या. पुढं पुढं रांग लागायला लागली. प्रत्येक ग्लास काठाखाली एक बोट, लहानाला तेवढा, मोठ्याला तेवढा. ओळखीच्याला जास्त नाही, अनोळख्याला कमी नाही.

आणि त्याच रांगेला लागून माझं खिरीचं पातेलं, साय धरून बसलेलं.

आता जे सांगायचं ते सांगतेच. अकरा पौर्णिमा त्या बाईनं माझ्या ओट्यावर हिरवं दूध केलं आणि मी एकदाही ग्लास संपवला नाही. ओठाला लावायची, छान म्हणायची आणि ठेवून द्यायची. अकराव्या वर्षी खीर जवळजवळ तशीच उरली, त्यात कुणीतरी हसत म्हणालं, "काकू, तुमची खीर पुढल्या पौर्णिमेला चालंल की." माझं डोकं फिरलं. वन्सं पानं मोजत होत्या. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "पुरे झालं, वन्सं. हे माझं घर हाय. हितं खीरच होणार."

माझं घर. ज्या घरात ती बाई जन्मली, ज्या ओट्याशी आईच्या मागं उभी राहिली, नवरा गेल्यावर हक्कानं जे एकच दार लोटून आत यायची, त्या माहेरात उभी राहून मी तिला हे म्हटलं.  मोजलेली पानं परत जुडीत ठेवता येत नाहीत, म्हणून वन्संनी तेवढा शेवटचा ग्लास पुरा केला आणि रांगेतल्या माणसाला दिला. मोजपात्र धुतलं, मांडणीवर पालथं घातलं आणि गेल्या. बरोबर नेलं नाही. रात्री जेवताना आमचे हे एवढंच म्हणाले, "एक ग्लास प्यायला तुझं काय जात होतं?" 

त्यानंतर वन्सं मोडनिंबला मुलाकडं राहायला गेल्या. पुढच्या दोन पौर्णिमांना आल्या, पण खुर्चीत बसल्या, पाहुण्यांसारख्या. पूर्वी माझ्या डब्यांची झाकणं उघडून वास घेणारी बाई आता पाणीसुद्धा मागून प्यायली. खीर घेतली, म्हणाल्या, "छान झालीय, वहिनी." वाटी पुरी संपवली त्यांनी. मला जे अकरा वर्षं जमलं नाही ते त्यांनी मला करून दाखवलं. गेल्या वर्षी तर आल्याच नाहीत. मी एकटीनं मिल्कशेक करून बघितला, अंदाजानं, न मोजता. शेवाळाचा रंग आला आणि कडू झाला. ह्यांनी तोही संपवला.

परवा फोन केला. माफी मागायची म्हणून केला आणि पावसापाण्याचं बोलत बसले. मग त्याच म्हणाल्या, "काचबिंदू झालाय, वहिनी. डॉक्टर म्हणतात हाय तेवढं टिकलं तर टिकलं. आता मापाच्या रेघा काय दिसत न्हाईत." फोन ठेवल्यावर मी मांडणीकडं बघत राहिले. मोजपात्र तसंच पालथं. तीन वर्षं उलटून गेली, रोज पुसते, पण सुलटं करायचा धीर होत नाही.

म्हणून हे लिहायला बसले. आमच्या महिला मंडळाचा हा अंक मोडनिंबला जातो आणि नात वन्संना तो पानन्‌पान वाचून दाखवते. तेव्हा वन्सं, ऐका. वर पुदिन्याच्या पानांचा आकडा मी चुकीचा लिहिलाय. मुद्दाम. खरा मला पाठ आहे, पण छापून चुकीचाच गेलाय आणि आता घरोघरी बायका तसाच करतील. तुम्हाला तो आत्ताच खुपला असणार. फोनवर सांगू नका, फोनवर तुम्ही चुकता. पौर्णिमेच्या आधी या, पहिल्या एसटीनं या. घर तुमचं आहे, हे मला सगळ्यांदेखत म्हणायचंय. रेघा मी वाचीन, दूध तुम्ही ओता. आणि पहिला ग्लास मला द्या. मी संपवीन. लवकर या.