पान मांडण्याआधी

चेन्नईतल्या आमच्या पहिल्याच नाताळाच्या सकाळी साडेनऊला दाराची बेल वाजली. दारात पंचेचाळीसच्या आसपासची, ठेंगणी, केसांत अबोलीचा गजरा माळलेली बाई उभी. हातात स्टीलचा डबा. मी तमिळमधली माझी तीन वाक्यं मनात जुळवत होते, तोवर तीच खणखणीत मराठीत म्हणाली, "मी खालची एस्तेर. गणपतीच्या दिवसांत मोठा पाऊस आला, तेव्हा गच्चीवरची माझी चादर तुम्ही उचललीत, घडी करून माझ्या दाराच्या कडीला अडकवलीत. मी ड्यूटीवर होते. आमच्या ह्यांना ताप होता, त्यांना कोरडी चादर मिळाली. त्याबद्दल मी तुमचे आभार मानते."

मला ती चादर आठवतसुद्धा नव्हती. मी आपलं सवयीने म्हटलं, "अहो, त्यात काय एवढं!"

"काय एवढं ते मी ठरवते ना. तुम्ही नुसतं ऐकून घ्या."

मी ऐकून घेतलं. तिने डबा हातात दिला. आत करंज्या होत्या. "इथे ह्याला सोमासी म्हणतात. म्हणू देत. करंजी ती करंजीच," असं म्हणून ती जिना उतरून गेलीसुद्धा. मी दारात तशीच उभी. आमच्या सांगलीकडे आभार मानायचे ते सभेच्या शेवटी, लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले की. घरच्या किंवा शेजारच्या माणसाचे आभार मानणं म्हणजे त्याला परकं करणं, हे आमच्या हाडीमांसी भिनलेलं. त्यामुळे मला आधी वाटलं, बाई जरा विक्षिप्त दिसते. तशी ती होतीच.

एस्तेरआक्का मूळची नगर जिल्ह्यातली. वडील एका मिशन दवाखान्याची जीप चालवायचे. नर्सिंग शिकायला मुलगी मद्रासला आली आणि गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या सेल्वराजशी लग्न करून इथलीच झाली. इतकी वर्षं काढूनही मराठी मात्र नगरचीच राहिली. फक्त मधूनमधून 'अय्यो' आणि 'पोदुम' यायचं. पोदुम म्हणजे पुरे. हा शब्द ती नेहमी दुसऱ्याच्या बोलण्याला लावायची, स्वतःच्या कधीच नाही.

चादरीचं कोडं मला पुढच्या वर्षी उलगडलं. त्यांच्या घरची ती रीत होती, तिच्या वडिलांनी घालून दिलेली. नाताळची उपासना आटोपून घरी आलं की जेवणाआधी प्रत्येकाने एका माणसाकडे जायचं. घरातला नको, नात्यातला नको. वर्षभरात त्याने आपल्यासाठी काय केलं ते नीट, नेमकं सांगायचं. 'सगळ्याबद्दल आभारी आहे' असलं मोघम चालायचं नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही, दुसऱ्याबरोबर निरोप नाही. "ज्याचं त्यानं, ज्याच्या त्याला, तोंडानं," हे आक्काचं ठरलेलं वाक्य. कुणाकडे जायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. आणि जाऊन आल्यावरच केळीचं पान मांडलं जायचं. जो गेला नाही त्याला पान नाही. "आभार पोटात ठेवून जेवू नये, बाधतं," असं ती नर्सच्या अधिकाराने सांगायची.

एका वर्षी ती मला टी. नगरच्या बाजारात घेऊन गेली. ऐन नाताळची गर्दी, बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. कुठल्याशा साडीच्या दुकानातल्या सेल्समनने तिला जून महिन्यात सांगितलं होतं, "अम्मा, ही घेऊ नका, रंग जाईल." त्याचे आभार मानायचे होते. तिला लांबून बघताच तो माणूस साड्यांच्या ढिगामागे गेला. त्याला वाटलं, बाई साडी परत करायला आली. आक्काने त्याला शोधून काढलं, काउंटरपाशी उभं केलं आणि भर दुकानात जूनची हकिगत पहिल्यापासून सांगितली. मालक बघतोय, गिऱ्हाइकं बघतायत, आणि तो मनुष्य हात जोडून उभा. शेवटी त्याने डोळे पुसले. मी लाजेने दाराशी जाऊन चपलांचे जोड मोजत होते.

पुढे मीही त्या रीतीत ओढली गेले. मी शिकवत होते त्या शाळेत पहिलं वर्षभर मला तमिळ पत्रं वाचून दाखवणाऱ्या शिपायाच्या घरी गेले, तर माझ्या तोंडून शब्द फुटेना. तो बिचारा घाबरून शेजारून खुर्ची आणायला धावला. कसंबसं बोलले आणि परत आले. त्या दिवशी आक्काच्या घरी मला फार भूक लागली. ती वाढत होती, बिर्याणी, मग माहेरची म्हणून शेवयांची खीर, आणि मी खात होते. माझी मुलगी मुक्ता तर लहानपणापासून तिथेच वाढली. नाताळ आपला नाही, हे तिला बरीच मोठी झाल्यावर कळलं.

आक्काचा मुलगा जयन. एकुलता एक. श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. आईसारखा हट्टी आणि वडिलांसारखा अबोल. हे मिश्रण वाईट. हट्टी माणूस बोलून तरी मोकळा होतो.

सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात सेल्वराज गेले. कारखान्यातून सुटून बसस्टॉपवर आले आणि छातीत कळ येऊन तिथेच कोसळले. स्टॉपच्या मागे एक चहाची टपरी होती. त्या टपरीवाल्याने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, त्यांच्याच खिशातल्या फोनवरून आक्काला कळवलं आणि ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसला. ती यायला पाऊण तास लागला. तोवर सगळं संपलं होतं.

त्या नाताळाला आम्ही सगळे खालीच होतो. आक्का त्या टपरीवाल्याकडे सकाळीच जाऊन आली होती. पांढऱ्या साडीत, गजऱ्याशिवाय ती ओळखू येत नव्हती. जयन निघायच्या तयारीत होता. कुणाकडे ते त्याने सांगितलं नव्हतं, सांगायची पद्धतही नव्हती. तेवढ्यात आक्का म्हणाली, "जयन, तूही त्या टपरीवाल्याकडे जाऊन ये."

जयन थांबला. "कशासाठी?"

"अप्पांचं डोकं त्याने मांडीवर घेतलं. रस्त्यावर एकटे नाही गेले ते."

"अम्मा, समोर ऑटो उभे होते. दहा मिनिटांवर हॉस्पिटल. तो पाऊण तास मांडीवर घेऊन बसला. ऑटोत घातलं असतं तर अप्पा आज इथे बसले असते."

"त्याला काय कळतंय? तो डॉक्टर आहे का? त्याला जमलं तेवढं त्याने केलं."

"मी त्याला थँक्स म्हणू? अप्पांना मरू दिलं म्हणून?"

"पोदुम," आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "जाऊन येशील तर पान मांडीन."

जयनने तिच्याकडे एकदा बघितलं, चपला घातल्या आणि तो गेला. तो टपरीवर गेला नाही आणि जेवायलाही परतला नाही. आम्ही त्याच्याशिवायच जेवलो. आठवड्याभरात त्याने कारखान्याजवळ खोली घेतली.

त्याने आईला टाकलं असं मात्र कुणी म्हणू नये. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तो न चुकता यायचा. औषधं आणायचा, गळका नळ बघायचा, गॅसची नळी बदलायचा. पण त्या घरात जेवायचा नाही. पाणी प्यायचा आणि निघायचा. आक्का त्या दिवशी पहाटे उठून त्याच्या आवडीचं मीनकोळंबू, म्हणजे चिंचेतलं माशाचं कालवण, करून झाकून ठेवायची. जेव म्हणायची नाही. तो त्या वासात पंख्याचा रेग्युलेटर दुरुस्त करायचा आणि त्यालाही वाढ म्हणायचं नसायचं. तो गेला की ते भांडं वर आमच्याकडे यायचं. पाच वर्षं ते कालवण मी खाल्लं. चव उत्तम असायची आणि प्रत्येक वेळी मला स्वतःची लाज वाटायची.

मी भांडले तिच्याशी, नाही असं नाही. म्हटलं, "आक्का, माणसापेक्षा रीत मोठी का?" ती म्हणायची, "तू शाळेत मुलांना शिकव, मला नको." जयनला फोन करून समजावलं, तर तो नम्रपणे "हो मावशी, हो मावशी" करायचा. दोघंही माझ्याशी गोड होते. मला मात्र त्यांचं काहीच करता येत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, एका दुपारी शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता आक्का आपणहून म्हणाली, "मी चुकले गं त्या दिवशी. कुणाकडे जायचं ते बाबांनी आम्हाला कधीसुद्धा सांगितलं नाही. मी पोराला माणूस सांगितला. त्याचं दुःख अजून ओलं होतं."

मला इतका आनंद झाला की मी सुरी तिथेच टाकली. "मग सांगा ना त्याला! मी फोन लावते."

"ए, तू मध्ये पडू नकोस. फोनवर नाही. माझी चूक आहे, मी सांगेन. तोंडानं."

"कधी?"

"सांगेन. शब्द जुळू देत."

आयुष्यभर परक्यांसमोर धडाधड बोललेल्या या बाईला मुलासमोर शब्द जुळत नव्हते. त्यानंतर कितीतरी दुसरे रविवार आले. मी वरून कान देऊन ऐकायची. खाली फक्त हातोडीचा आवाज असायचा.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात आक्काला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा पूर्ण गेली. घशातून आवाज निघायचा, शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, समजतं किती आणि नाही किती ते सांगता येत नाही. जयन रजा काढून आला. तिला पुसायचा, कुशीवर वळवायचा, चमच्याने पेज भरवायचा. एवढं सगळं करून स्वतः जेवायला मात्र कोपऱ्यावरच्या मेसमध्ये जायचा.

नाताळाच्या सकाळी मी खालच्या स्वयंपाकघरात बिर्याणी केली. आक्काच्या खाटेला लागून टेबल सरकवलं, केळीचं पान मांडलं. मग जयनला समोर उभं केलं आणि शेंगा सोलतानाचं तिचं बोलणं शब्द न् शब्द सांगितलं. आक्का ऐकत होती. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. पण ते दिवसभरच वाहायचं.

जयनने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "मावशी, तुम्ही माझ्यासाठी हे बोलताय. थँक्स. पण अम्मा चूक झाली असं कधी बोललेली नाही. आणि तिला बोलायचं असतं तर तिने मला बोललं असतं. दुसऱ्याकडून निरोप तिला चालत नाही."

मी शपथ घेतली. मुक्ताची घेतली. तो नुसता मान हलवत राहिला. मग त्याने एकाएकी चपला घातल्या. "मी जाऊन येतो," म्हणाला. कुठे ते मी विचारलं नाही.

तो दोन तासांनी आला. शर्ट घामाने भिजलेला. "टपरी नाही तिथे, मावशी. स्टॉपच पुढे गेला. बाजूचे लोक बोलले, तो माणूस दोन वर्षं झाली, सोडून गेला. त्याचं ऊर, म्हणजे गाव, कुठलं, कुणाला माहीत नाही. नावपण कुणाला नीट माहीत नाही."

"अरे, तू गेलास ना! झालं तर. बस आता."

"गेलो, पण बोललो कुठे?"

तेवढ्यात आक्काने डावा हात उचलला. तो पानावर नेला आणि पान त्याच्या बाजूला ढकललं. भात सांडला. तिने पुन्हा ढकललं. घशातून मोठा आवाज काढला. मी ओरडले, "बघ, ती जेव म्हणतेय!"

जयन तिच्याजवळ गुडघ्यावर बसला. तिच्या बोटांना लागलेली शितं त्याने आपल्या रुमालाने पुसली. "सेरी, बरं अम्मा. रागावू नको. जेवत नाही मी. शोधतो त्याला," म्हणाला आणि उठून निघाला.

आक्का तो आवाज काढतच राहिली. मी जिन्यापर्यंत धावले, हाका मारल्या. तो गेटबाहेर पडला होता. परत आले तर आक्का माझ्याकडे बघत होती. मी तिचा हात धरून बसले. दुसरं काय करणार होते?

तो संध्याकाळी परतला, उपाशीच. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आक्का गेली.

खालचं घर जयनने सोडलेलं नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतो, झाडून काढतो आणि मग गिंडीत हिंडतो. चहावाले, ऑटोवाले, जुने कामगार, सगळ्यांना विचारतो. या नाताळाला मी माझ्या घरी पान मांडून त्याला वर बोलावलं. म्हटलं, "जयन, आक्का जाऊन वर्ष होत आलं. आता तरी बस."

"बसलो असतो, मावशी," तो म्हणाला. "पण आता बसू का, हे कुणाला विचारू?"

त्याने उभ्यानेच पाणी प्यायलं, पेला धुऊन ओट्यावर पालथा घातला आणि तो जिना उतरून गेला.