गावी गेलेली मुलं

कांजूरमार्गच्या त्या चाळींत कुणाच्या घरी काय शिजतं, हे वनमाला दळवीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. एक्याऐंशी साली एका संस्थेने तिथल्या एकशे वीस मुलांची पाहणी सुरू केली होती. वर्षागणिक मुलांचं खाणं कसं बदलतं, ते संस्थेला बघायचं होतं. दर सहा महिन्यांनी वनमालेने दारोदार जायचं, पोराने काल काय काय खाल्लं ते विचारायचं, बरोबरच्या स्टीलच्या वाटीने माप घ्यायचं आणि फॉर्म भरायचा. संस्था बालवाडीत रोज कपभर दूधही द्यायची. मुलांचं खाणं घटलेलं दिसलं तर दूध चालू राहणार, नाहीतर बंद, हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. यादीत सतराव्या नंबरावर वनमालेचीच सुगंधा होती.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तिचा नवरा दशरथ घरी बसला. आधी मासळी गेली, मग डाळ पाण्यासारखी झाली. वनमालेने तेही इमानाने लिहिलं. मे उजाडला तशी एकेका गिरणी कामगाराने पोरं कोकणात धाडायला सुरुवात केली. तिनेही सुगंधाला सासूकडे पाठवली.

फॉर्मवर गैरहजेरीचं कारण लिहायला एक रकाना होता. आता कोकणातला माणूस गावी का गेला, हे कुणी विचारतं का? गणपतीला जातो, शिमग्याला जातो, आंब्यांना जातो. पोटासाठी गेला असं लिहिलं की घराची अब्रू गेली. वनमालेने अडतीस फॉर्मांवर सुवाच्य अक्षरात ‘गावी’ एवढंच लिहिलं. घरात दाणा नव्हता, असं लिहायला तिचा हात कुणी धरला नव्हता. पण शेजारणींची लाज राखायची होती, आणि स्वतःची त्याहून जास्त.

लागोपाठ दोन फेऱ्यांत मूल भेटलं नाही तर नाव काटायचं, असा नियम होता. तिने अडतीस नावं काटली. मागे उरली ती म्युनिसिपालटीतल्या नाहीतर भांडुपच्या कारखान्यांतल्या नोकरदारांची पोरं.

त्र्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये आकडेमोड बघणाऱ्या चिटणीस सरांनी तिला मुलुंडच्या ऑफिसात बोलावून कॉम्प्युटरवरून काढलेला आलेख दाखवला. रेषा जरा खाली येऊन पुन्हा वर चढली होती. संपाचा मुलांच्या खाण्यावर टिकाऊ परिणाम नाही, असं कॉम्प्युटरचं गणित, म्हणजे सरांचं मॉडेल, म्हणत होतं. वनमाला चिडली. ज्यांना खायला नव्हतं तीच गावी गेली, उरली ती खाणारीच, असं तिने सरांना तोंडावर सांगितलं.

सरांनी फॉर्म चाळले. माणूस वाईट नव्हता, पंचाईत तीच होती.

“मग तसं लिहायचं होतं ना, वनमालाबाई. सुट्टीला गेलेलं पोर मी उपाशी कसं धरू?”

ऑक्टोबरात शेवटची फेरी होती. तोवर मुलं परत आली तर नावं पुन्हा चढवू, असं त्यांनी कबूल केलं.

ती धावत शेजारच्या द्रौपदीकडे गेली. द्रौपदीचे दोन्ही मुलगे गावी होते. पंधरा दिवसांसाठी आण, मोजून झाले की पाठव, अशी तिने गळ घातली.

“पोरांना इथे आणून उपाशी ठेवू, आणि तू वाटी घेऊन मोजायला येणार?” द्रौपदी म्हणाली. “तुझी आण गं आधी.”

वनमालेने आणली. बाकी एकही आई तयार झाली नाही, आणि त्यांचं चुकलं असं म्हणायची कुणाची छाती आहे? फेरीच्या दिवशी तिने स्वतःच्या पोरीचा फॉर्म भरला. सकाळी काही नाही, दुपारी एक वाटी पेज, संध्याकाळी कोरा चहा. या वेळी तिने काहीच झाकलं नाही.

सरांनी तो फॉर्म दोनदा वाचला आणि बाजूला ठेवला. अडतीसांतली एकच मुलगी, तीही पाहणी करणाऱ्या बाईंची. असा सुटा आकडा मॉडेलमध्ये घेत नाहीत, असं ते खाली बघत म्हणाले.

दिवाळीनंतर दूध बंद झालं. चाळीत ते सांगायचं कामही संस्थेने वनमालेवरच टाकलं. द्रौपदीच्या दारात ती सांगत होती तेव्हा सुगंधा तिच्या पदराला धरून उभी होती.

“आजीकडे पेज दोनदा मिळायची,” सुगंधा म्हणाली.